काढलेलं परत आणताना

स्टार्टचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. सेटिंग्ज क्षणभर चमकते आणि मिटते. ब्राउझर चालतो, एक्सेलच्या फायली उघडतात, प्रिंटरही छापतो. पण कॅल्क्युलेटर, फोटो, स्टोअर यांच्या जागी नुसते कोरे चौकोन उरलेले. विंडोजची अशी अवस्था दिसली की बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा हार्ड डिस्कवर. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. आदल्या दिवशी कुणीतरी यंत्र हलकं करायला बसलेलं असतं.

हलकं करण्याची इच्छा मला मुळीच चुकीची वाटत नाही. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप पदरचे पैसे मोजून घेतलेला असतो, आणि त्यात न मागता आलेले खेळ, महिनाभराचा चाचणी अँटीव्हायरस, बातम्यांच्या पट्ट्या, जाहिराती असं सगळं ठाण मांडून बसलेलं असतं. आपल्या यंत्रात काय राहावं हे ठरवण्याचा हक्क मालकाचाच आहे. घोळ होतो तो ‘नको असलेलं’ आणि ‘कशासाठी आहे ते ठाऊक नसलेलं’ हे दोन्ही एकाच यादीत धरल्यामुळे. बाजारात फिरणाऱ्या ‘डीब्लोट’ स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजमधली भर एका झटक्यात काढणाऱ्या तयार आदेशांच्या फायली, नेमकं हेच करतात.

अशा बऱ्याच स्क्रिप्टच्या पोटात एकच ओळ सापडते: ‘गेट-ॲपएक्सपॅकेज’, त्याला ‘-ऑलयूजर्स’ची जोड, मग उभी रेघ आणि पुढे ‘रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेज’. (आदेश टाइप करायचे ते अर्थातच रोमन लिपीत, इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.) म्हणजे सापडतील ती सगळी पॅकेजं (ॲप्सचे गठ्ठे) गोळा कर आणि काढ. या ओळीला कँडी क्रश आणि ‘व्हीसीलिब्ज’ यांतला फरक कळत नाही. पहिला खेळ आहे. दुसरं ‘फ्रेमवर्क’ पॅकेज आहे, म्हणजे त्याला स्वतःची खिडकी नाही, आयकॉन नाही, पण कॅल्क्युलेटरपासून स्टोअरपर्यंत अनेक ॲप्स त्याच्यावर उभी आहेत. ‘यूआय-झॅमल’ आणि ‘डॉटनेट नेटिव्ह’ ही त्याच जातीची. एखादं ॲप फ्रेमवर्कवर अवलंबून असेपर्यंत विंडोज ते काढू देत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत लाल अक्षरांत नकार येतो. अवलंबून असलेली ॲप्स निघून गेल्यावर तीच ओळ कुणी पुन्हा चालवली, की मग तीही जातात. लाल अक्षरं दिसली म्हणून आदेश पुन्हा पुन्हा चालवण्याची सवय इथे सगळ्यात महागात पडते.

त्या ओळीत ‘ऑलयूजर्स’ हा शब्द कुठे आहे, तेही पाहायला हवं. रेघेच्या डावीकडे असेल तर तो फक्त शोधाची व्याप्ती वाढवतो. काढणं चालू खात्यापुरतंच होतं. उजवीकडे असेल तर पॅकेज यंत्रावरच्या प्रत्येक खात्यातून जातं. दुरुस्ती पाच मिनिटांची की दोन तासांची, हे बऱ्याच वेळा एवढ्यावरच ठरतं.

कारण पॅकेज ‘आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. एक, त्याच्या फायली डिस्कवर असायला हव्यात, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या ‘विंडोजॲप्स’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये. दोन, नव्या खात्याला काय काय द्यायचं त्या ‘प्रोव्हिजन्ड’ यादीत त्याचं नाव हवं. तीन, तुमच्या खात्यात त्याची नोंदणी झालेली हवी. चालू खात्यातून ॲप काढलं की फक्त तिसरी गोष्ट जाते. फायली जागेवर असतात, यादीतलं नावही असतं. ‘रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ हा वेगळा आदेश दुसरी गोष्ट घालवतो. आणि यादीतही नाव नाही, कुठल्याही खात्यात नोंदणी नाही, असं झालं की विंडोज फायलीही पुसून टाकतं. बिघाड यांतल्या कोणत्या थरावर आहे हे न पाहता उपाय सुरू केला तर अर्धा दिवस सहज जातो.

थर ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे नवं खातं उघडून पाहणं. स्टार्ट मेलेला असला तरी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो. तिथे ‘रन न्यू टास्क’ घ्यायचं, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराची चौकट खूण करायची आणि ‘सीएमडी’ लिहायचं. उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘नेट यूजर’, पुढे नव्या खात्याचं नाव, पासवर्ड आणि तिरक्या रेघेसह ‘ॲड’. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, साइन आउट, आणि नव्या खात्यात प्रवेश. पहिल्या प्रवेशाला थोडा वेळ लागतो, कारण प्रोव्हिजन्ड यादीतली पॅकेजं त्या वेळी नोंदवली जात असतात. नव्या खात्यात स्टार्ट आणि स्टोअर ठणठणीत असेल तर बिघाड फक्त जुन्या खात्याच्या नोंदणीत आहे. तिथेही स्टोअर नसेल तर यादीच गेली. आणि तिथेही स्टार्टच उघडत नसेल तर प्रकरण त्याहून खोल, खुद्द विंडोजच्या फायलींपर्यंत गेलेलं आहे.

काहीही करण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) चावी हाताशी आहे ना, ते पाहावं. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क मालकाच्या नकळत कूटबद्ध झालेली असते, आणि दुरुस्तीच्या ओघात यंत्र रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर गेलं की ४८ आकडी चावी मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून किंवा यंत्रावरून आधीच उघडून कागदावर उतरवून घ्यावी. कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता नव्या खात्याच्या चाचणीतून कळलेला पहिला थर. खात्यातली नोंदणी गेली असेल तर काहीही डाउनलोड करावं लागत नाही. पॉवरशेल (विंडोजला आदेश देण्याची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, आणि तेही विंडोजसोबत येणारं ५.१ हे निळं पॉवरशेल. वेगळं बसवलेल्या ७ मध्ये हेच आदेश ‘या प्लॅटफॉर्मवर चालत नाही’ असं उत्तर देऊ शकतात, आणि मग माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो. तिथे ‘गेट-ॲपएक्सपॅकेज -ऑलयूजर्स’ने हवं ते पॅकेज शोधायचं, आणि सापडलेल्या जागेतल्या ‘ॲपएक्समॅनिफेस्ट’ या एक्सएमएल फाइलचा पत्ता ‘ॲड-ॲपएक्सपॅकेज -डिसेबलडेव्हलपमेंटमोड -रजिस्टर’ या आदेशाला द्यायचा. एकेक पॅकेज घ्यावं: आधी फ्रेमवर्क, मग स्टोअर, मग बाकीची.

या आदेशाची एक खोड लक्षात ठेवायला हवी. पॅकेज यंत्रावरच नसेल तर शोध रिकामा येतो, पुढच्या भागाला काम उरत नाही, आणि आदेश एकही अक्षर न छापता संपतो. लाल काही दिसलं नाही म्हणजे झालं, असा समज होतो. म्हणून आधी नुसता शोध चालवून नाव आणि जागा दिसते का, हे पाहावं आणि मगच नोंदणीकडे वळावं.

लाल अक्षरं आली तरी ती वाचावीत, कारण एरर कोडच्या शेवटच्या अक्षरांत निदान असतं. ‘सीएफ३’ने संपणारा कोड म्हणजे अवलंबित्व पुरं झालेलं नाही, कुठलं तरी फ्रेमवर्क हवं आहे; त्याचं नाव आणि किमान आवृत्ती तिथेच खालच्या ओळींत लिहिलेली असते. ‘डी०२’ म्हणजे ॲप चालू आहे, ते बंद करून पुन्हा करा. ‘डी०६’ म्हणजे याहून नवी आवृत्ती आधीच बसलेली आहे, म्हणजे ती बिघाडाची खूण नाही. पुढच्या पॅकेजकडे जावं.

यापेक्षा फसवे कोड सर्व्हिसचे, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या विंडोजच्या कामांचे, असतात. स्क्रिप्ट ॲप्स काढून थांबत नाहीत, जाता जाता सर्व्हिसही बंद करून जातात. ‘०४२२’ने संपणारा कोड सांगतो की जी सर्व्हिस हवी ती ‘डिसेबल्ड’ आहे. स्टोअरमधून काहीही परत आणायचं तर विंडोज अपडेट, बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, स्टोअर इन्स्टॉल सर्व्हिस, लायसन्स मॅनेजर, क्लायंट लायसन्स, ॲपएक्स डिप्लॉयमेंट आणि स्टेट रिपॉझिटरी अशी सगळी मंडळी उठून कामाला लागावी लागतात. त्यांतल्या काही सर्व्हिसच्या खिडकीतून ‘मॅन्युअल’ करता येतात. ॲपएक्स डिप्लॉयमेंट आणि क्लायंट लायसन्स यांचे पर्याय मात्र तिथे करडे दिसतात. त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘करंट कंट्रोल सेट’मधल्या ‘सर्व्हिसेस’ शाखेत जाऊन त्या सर्व्हिसचं ‘स्टार्ट’ हे मूल्य ४ वरून ३ करावं लागतं आणि यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. ४ म्हणजे बंद, ३ म्हणजे गरजेनुसार.

आणि फायरवॉल. ‘७०६डी९’ने संपणारा कोड आला की लोक नेटवर्कच्या मागे लागतात, कारण कोडचं वर्णनही ‘एंडपॉइंट’ वगैरे भाषेत असतं. खरं कारण असं की ॲप बसवताना विंडोज त्याच्यासाठी फायरवॉलचे नियम लिहितं, आणि फायरवॉलची सर्व्हिसच बंद असेल तर ते लिहिता येत नाहीत, म्हणून बसवणंच फसतं. फायरवॉल नको असेल तर त्याच्या खिडकीतून बंद करावी, पण सर्व्हिस मारू नये. या दोन गोष्टी एक नाहीत.

इतकं सगळं ठीक असून स्टोअर जोडलं जात नसेल तर ‘सिस्टिम३२’मधल्या ‘ड्रायव्हर्स’च्या ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘होस्ट्स’ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. मुळात तिच्यातली प्रत्येक ओळ हॅश चिन्हाने सुरू होते. हेरगिरी थांबवण्याच्या नावाखाली तिथे मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यांच्या शेकडो ओळी भरलेल्या असतील तर अपडेट आणि स्टोअर यांची वाट तिथेच अडलेली असते.

दुसरा थर म्हणजे स्टोअर यंत्रावरूनच गेलेलं. वर सांगितलेल्या सर्व्हिस जिवंत असतील तर ‘डब्ल्यूएसरीसेट’ या आदेशाला उणे चिन्ह आणि ‘आय’ लावून चालवावं. पडद्यावर काहीच घडत नाही, प्रगतीची पट्टीही नाही. काही मिनिटांनी स्टोअर बसल्याची सूचना येते. तेवढा वेळ धीर धरायचा, आदेश पुन्हा पुन्हा द्यायचा नाही. स्टोअर आलं की बाकीची ॲप्स आणि त्यांना लागणारी फ्रेमवर्क त्याच्याकरवी येतात. ‘ॲप इन्स्टॉलर’ आधी आणावं, कारण ‘विंगेट’ हा ॲप्स बसवणारा आदेश त्याच्या पोटात आहे आणि पुढचं काम त्यानं झपाट्यानं होतं.

काही वस्तू गेल्याचं कळतं ते फार उशिरा, आणि भलत्याच ठिकाणी. ऑफिस किंवा टीम्समध्ये साइन-इनची खिडकी पांढरीफटक येते, पासवर्ड टाकायला जागाच नाही. तेव्हा ‘एएडी ब्रोकर प्लगइन’ची नोंदणी गेलेली असू शकते. ते ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘सिस्टिमॲप्स’मध्ये असतं आणि वरच्याच पद्धतीनं, तिथल्या मॅनिफेस्टचा पत्ता देऊन, पुन्हा नोंदवता येतं. खेळ सुरू करताना ‘एमएस-गेमिंगओव्हरले’ उघडायला नवं ॲप हवं, असं वारंवार विचारलं जातं, कारण गेम बार काढला पण खेळाचं चित्रण करण्याची सोय चालूच राहिली. ‘एक्सबॉक्स आयडेंटिटी प्रोव्हायडर’ हे नाव पाहून ‘आपल्याकडे कुठे एक्सबॉक्स आहे’ म्हणून ते काढलं जातं, आणि घरातल्या मुलाच्या माइनक्राफ्टचं साइन-इन अडतं. आयफोनवरून आलेले फोटो उघडत नाहीत, कारण ‘एचईआयएफ’ विस्तार गेला. विंडोज सिक्युरिटीचं पान उघडत नाही. इथे घाबरून न जाता पॉवरशेलमध्ये ‘गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस’ चालवून ‘रिअलटाइमप्रोटेक्शनएनेबल्ड’समोर ‘ट्रू’ आहे का पाहावं. पान हे वेगळं ॲप आहे आणि संरक्षण करणारं इंजिन वेगळं. पहिलं गेलं तरी दुसरं पुष्कळदा काम करत असतं.

एज ब्राउझरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त राग त्याच्यावर निघतो. युरोपीय आर्थिक क्षेत्रात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून एज रीतसर काढता येतो. आपल्याकडे ती सोय नसल्यामुळे लोक फोल्डरच पुसतात. ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’मधल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरात ‘एज’ आणि ‘एजवेबव्ह्यू’ शेजारी शेजारी असतात, आणि एकासोबत दुसराही जातो. वेबव्ह्यू२ हा ब्राउझर नाही. इतर प्रोग्रॅमना आपल्या खिडकीत वेबपान दाखवायला लागणारं ते यंत्र आहे, आणि नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स आणि कितीतरी त्रयस्थ प्रोग्रॅम त्यावर चालतात. वेबव्ह्यू२ परत आणायला मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘एव्हरग्रीन’ इन्स्टॉलर घ्यावा. तो ‘आधीच बसलेलं आहे’ म्हणून नकार देत असेल तर कारण सरळ आहे: फायली हातानं पुसल्या, रजिस्ट्रीतली नोंद राहिली. ‘वाव६४३२नोड’खाली ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘एजअपडेट’, त्यात ‘क्लायंट्स’ या शाखेत महिरपी कंसातल्या लांबलचक नावांच्या उपशाखा दिसतील. ज्या उपशाखेत नाव म्हणून वेबव्ह्यू२ रनटाइम लिहिलेलं आहे, तेवढीच आधी निर्यात करून ठेवावी आणि मग काढावी. त्यानंतर इन्स्टॉलर मुकाट्यानं चालतो.

तिसरा थर विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा. स्टार्ट, शोध, सेटिंग्ज यांची मुख्य पॅकेजं पॉवरशेल सहजी काढू देत नाही. ‘हा विंडोजचा भाग आहे’ असं म्हणून नकार देतं. मग काही स्क्रिप्ट ‘सिस्टिमॲप्स’मधल्या फोल्डरांची मालकी घेऊन त्यांची नावंच बदलतात. अशा वेळी आधी तिथे ‘ओल्ड’ किंवा ‘बॅक’ शेपूट लावलेली फोल्डर दिसतात का ते पाहावं. मूळ नाव परत दिलं, पुन्हा नोंदणी केली की काम होतं. फायलीच नसतील तर ‘डिसम’ आणि ‘एसएफसी’ या विंडोजच्या दुरुस्तीच्या आदेशांकडे जायचं, आणि याच क्रमानं. एसएफसी खराब फाइल शोधतं आणि ‘विनएसएक्सएस’ या साठ्यातली चांगली प्रत तिच्या जागी ठेवतं. साठाच खराब असेल तर ते काय ठेवणार? म्हणून आधी ‘डिसम’ला ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’ आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ ही पदं देऊन साठा दुरुस्त करायचा, मग ‘एसएफसी’ला ‘स्कॅननाऊ’ म्हणायचं. डिसमची टक्केवारी मध्येच बराच वेळ एका आकड्यावर खिळून राहते. तेवढ्यावरून खिडकी बंद करू नये.

इथे एक भेद पक्का करायला हवा, कारण ‘एसएफसी चालवलं, काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. ‘सिस्टिमॲप्स’मधल्या फायली या साठ्याच्या देखरेखीखाली आहेत. ‘विंडोजॲप्स’मधल्या नाहीत. म्हणून एसएफसी स्टार्ट परत आणू शकतं, पण कॅल्क्युलेटर किंवा स्टोअर आणू शकत नाही, आणि ‘एकही दोष सापडला नाही’ असं त्याचं उत्तर स्टोअर गायब असतानाही अगदी खरं असतं.

डिसमनं ‘०८१एफ’ने संपणारा कोड दिला तर त्याला स्रोत मिळाला नाही असं समजावं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याच्या डिस्कची अखंड प्रत) घ्यायची, दोनदा क्लिक करून ती ड्राइव्ह म्हणून उघडायची, आणि ‘सोर्सेस’ फोल्डरातल्या ‘इन्स्टॉल’ फाइलचा पत्ता ‘सोर्स’ म्हणून द्यायचा, सोबत ‘लिमिटॲक्सेस’. ती फाइल डब्ल्यूआयएम आहे की ईएसडी, हे पाहून पत्त्याच्या आधी तेच लिहायचं; मीडिया क्रिएशन टूलनं बनवलेल्या प्रतीत ईएसडी असते. एका फाइलीत अनेक आवृत्त्या असतात, त्यामुळे ‘गेट-विमइन्फो’नं आपला क्रमांक शोधायचा. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. त्यांना ‘प्रो’चा क्रमांक दिला तर स्रोत पुन्हा ‘सापडत नाही’.

मराठीत काम करणाऱ्यांना या छाटणीचा एक वेगळा फटका बसतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट मूळ साच्यातून निघून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक घटकात गेले. मुळात राहिला तो निर्मला यूआय. ‘ऑप्शनल फीचर्स’ सरसकट काढताना हा घटक गेला की मंगलमध्ये बनवलेली जुनी पत्रं आणि तक्ते दुसऱ्या फाँटमध्ये उघडतात, अक्षरांची रुंदी बदलते, एका पानाचा मजकूर दीड पानावर जातो. सेटिंग्जमधून तो घटक परत जोडता येतो. पण तो विंडोज अपडेटमार्गे येत असल्यामुळे ती सर्व्हिस बंद असेल तर पुन्हा तोच ‘०४२२’.

कीबोर्डचंही तसंच. इन्स्क्रिप्ट हा साधा कळांचा नकाशा आहे, एका छोट्या फाइलीत बसणारा. मे २०१९च्या अपडेटसोबत आलेला मराठी फोनेटिक मात्र टंकनाच्या सगळ्या यंत्रणेवर उभा आहे. म्हणून इन्स्क्रिप्ट चालतो आणि फोनेटिक गप्प, असं दिसलं की फाँटकडे न जाता ही यंत्रणा चालवणाऱ्या ‘सीटीएफमॉन’कडे पाहावं. टास्क शेड्युलरमध्ये ‘टेक्स्टसर्व्हिसेसफ्रेमवर्क’खालचं ‘एमएससीटीएफमॉनिटर’ हे काम चालू करावं, आणि ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग’ ही सर्व्हिस (नव्या विंडोज ११ मध्ये ती ‘टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट’ नावानं आहे) बंद केलेली असेल तर परत चालू करावी. पडद्याला बोट लावायचं नाही म्हणून ही सर्व्हिस मारली जाते, आणि मग शोधाच्या चौकटीत इंग्रजीसुद्धा टाइप होईनासं होतं.

या सगळ्यातून मार्ग निघाला नाही तरी फॉरमॅट ही पुढची पायरी नाही. दुकानात तोच सल्ला मिळतो, आणि दुकानदाराच्या वेळेचा हिशेब पाहता तो का मिळतो हे कळतं. पण त्यात टॅलीचा परवाना, डीटीपीचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जुन्या प्रिंटरची जुळवणी हे सगळं नव्यानं उभं करावं लागतं, आणि त्यातल्या काहींच्या सीडी आता घरात नसतात. त्याआधी चालू विंडोजवरच पुन्हा विंडोज बसवण्याची सोय आहे, ज्यात प्रोग्रॅम, फायली आणि खाती जागच्या जागी राहतात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ या वाटेनं ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ असं बटण मिळतं. सेटिंग्जच उघडत नसेल किंवा विंडोज १० असेल तर आयएसओ उघडून आतलं ‘सेटअप’ चालवावं. ते चालू विंडोजमधूनच चालवायचं. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं तर ‘प्रोग्रॅम ठेवा’ हा पर्यायच मिळत नाही.

‘फायली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय करडा दिसला तर भाषा किंवा आवृत्ती जुळत नाही असं समजावं. ‘डिसम’ला ‘ऑनलाइन’ आणि ‘गेट-इंटल’ देऊन मूळ भाषा पाहावी: यूएस इंग्रजी असेल तर ‘इंग्लिश’, ब्रिटिश असेल तर ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ आयएसओ. वीसेक जीबी जागा मोकळी ठेवावी, चार्जर लावलेला असावा. जुनी प्रत ‘विंडोज.ओल्ड’मध्ये १० दिवस राहते.

आणि हे सेटअप सुरू करण्याआधी रजिस्ट्रीत एक जागा पाहायलाच हवी, नाहीतर दोन तासांचं काम होऊनही स्टोअर परत येत नाही. ‘लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंट व्हर्शन’, ‘ॲपएक्स’, ‘ॲपएक्सऑलयूजरस्टोअर’ आणि त्यात ‘डीप्रोव्हिजन्ड’. प्रोव्हिजन्ड यादीतून काढलेल्या प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक उपशाखा विंडोज इथे जपून ठेवतं, म्हणजे पुढचं मोठं अपडेट ते पॅकेज पुन्हा आणणार नाही. मालकाच्या निर्णयाचा मान राखणारी ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण दुरुस्तीच्या वेळी तीच आडवी येते. स्टोअर, ॲप इन्स्टॉलर, सिक्युरिटी, आणि जे जे परत हवं त्यांच्या उपशाखा काढाव्यात. खेळांच्या तशाच राहू द्याव्यात.

एकच प्रकार असा आहे जिथे यातलं काहीही लागू पडत नाही: आधीच छाटून बनवलेली आयएसओ. ‘टायनी११’ या छाटलेल्या विंडोज ११ च्या ‘कोअर’ प्रकारात साठाच कापलेला असतो, आणि बनवणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे की तिच्यात नंतर अपडेट, भाषा किंवा घटक जोडता येत नाहीत. चाचणीच्या आभासी यंत्रापुरती ती ठीक. मराठी भाषेचा घटक लागणार, बँकेचे व्यवहार होणार, अशा घरच्या यंत्रावर ती बसवू नये. आणि बसवलेली असेल तर दुरुस्तीत वेळ न घालवता मायक्रोसॉफ्टच्या मूळ आयएसओवर जावं.

यंत्राचा वेग या छाटणीतून फारसा वाढत नाही, हेही सांगायला हवं. न उघडलेलं कॅल्क्युलेटर रॅम खात नाही. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, चारऐवजी आठ जीबी रॅम, आणि टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ पानावरची गर्दी कमी करणं, यांनी जो फरक पडतो तो शंभर पॅकेजं काढूनही पडत नाही. जागाच हवी असेल आणि हायबरनेट वापरात नसेल तर ‘पॉवरसीएफजी’ला तिरक्या रेघेसह ‘एच’ आणि ‘ऑफ’ देऊन रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची फाइल जाते, आणि ‘ऑन’ म्हटलं की परत येते.

तरीही काही काढायचं झालं तर आधी ‘गेट-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज -ऑनलाइन’ची यादी एका टेक्स्ट फाइलीत उतरवून यंत्राबाहेर ठेवावी. मग एकेक पॅकेज, पूर्ण नावानं, फक्त चालू खात्यातून काढावं आणि दोन-चार दिवस यंत्र वापरून पाहावं. काही अडलं तर त्या यादीत नाव असलेल्या पॅकेजच्या फायली ‘विंडोजॲप्स’मध्ये असतातच, मॅनिफेस्टची एक ओळ चालवली की ते पॅकेज पुन्हा जागेवर येतं.